पाळण्यापाशी कोण आहे?

रांजणगावात माणसांची वानवा नाही. संकष्टीला महागणपतीच्या दर्शनाची रांग देवळाबाहेर येते. शिफ्ट सुटली की पुणे-नगर रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक उभ्या राहतात, आणि संध्याकाळी कारेगाव, ढोकसांगवीच्या बाजारात खांद्याला खांदा लागतो. मराठवाड्यातला, विदर्भातला, बिहार-उत्तर प्रदेशातला तरुण इथे येतो, हेल्पर म्हणून लागतो, बस्तान बसलं की लग्न करून बायकोला घेऊन येतो. पंचतारांकित म्हणवल्या जाणाऱ्या या औद्योगिक वसाहतीत फ्रीज होतात, वॉशिंग मशीन होतात, मोटारी होतात. २०२२च्या ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारने इथे २९७ एकरांवर ४९२ कोटी ८५ लाख रुपयांचा इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर झाल्याचं जाहीर केलं. अशा बातमीत तीन आकडे हमखास असतात: एकर, कोटी आणि नोकऱ्या. त्या नोकऱ्यांवर जाणाऱ्या आईबापांची तीन वर्षांच्या आतली लेकरं किती, आणि आईबाप कामावर असताना त्यांच्याजवळ जागं माणूस कोण असतं, हा चौथा आकडा कोणी विचारत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न मानला जातो.

माझं म्हणणं असं की तो घरचा प्रश्न नाही. रस्ता, वीज, पाणी आणि सांडपाणी यांच्याच रांगेत बसणारा तो वसाहतीचा प्रश्न आहे. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत मेंदूच्या अभ्यासाने जे समोर आणलं, ते गंभीरपणे घेतलं तर दुसरा निष्कर्ष निघत नाही.

या अभ्यासाची सुरुवात अनाथालयांतून झाली. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ या डॉक्टरने अनाथालयातल्या तान्ह्या मुलांची निरीक्षणं छापली. त्यांना दूध वेळेवर होतं, स्वच्छता होती, डॉक्टर होते. तरी मुलं वाढत नव्हती, बोलत नव्हती, आजार त्यांना झटकन गाठत होते. १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी याच विषयावर अहवाल लिहिला. पुढे अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाची पिल्लं आयांपासून तोडून त्यांच्यापुढे दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लू तेवढ्यापुरतं तिच्याकडे जायचं आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून बसायचं. पूर्ण एकांतात वाढवलेली पिल्लं पुढे कळपात सोडली तर स्वतःला चावायची, कोपऱ्यात डुलत बसायची. आज कोणी असा प्रयोग करू धजणार नाही, आणि ते बरंच आहे.

माणसाच्या बाबतीत हा प्रयोग एका हुकूमशहाने केला. रुमानियात चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. घरांना न पोसवणारी मुलं सरकारी संस्थांत भरली गेली आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्याची राजवट कोसळल्यावर ती जगाला दिसली. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ मुलं निवडली. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत दिली, निम्मी होती तिथेच राहिली. साडेतीन वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७७ भरला, कुटुंबात गेलेल्यांचा ८६, आणि आपल्याच आईबापांकडे वाढलेल्यांचा १०३. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं उशिरा गेलेल्यांपेक्षा बऱ्याच बाबतींत पुढे निघाली. मला यात बुद्ध्यंकापेक्षा महत्त्वाची वाटते ती या मुलांची घाबरण्याची रीत.

भीती वाटली की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरतं. साखर वाढते, अंग सावध होतं. थोड्या वेळापुरतं हे उपयोगाचंच आहे. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर कॉर्टिसॉल ओळखणारे ग्राहक असतात. पुरेसं कॉर्टिसॉल आलं की हा भाग ‘आता बास’ असा उलटा निरोप पाठवतो. मोठ्या माणसात ही यंत्रणा बरीचशी आपली आपण चालते. तान्ह्या लेकरात तसं होत नाही. त्याची भीती शमते ती कोणी उचलून घेतलं, छातीशी धरलं, ओळखीच्या आवाजात बोललं म्हणजे. त्याच्या मेंदूचं ‘आता बास’ दुसऱ्या माणसाच्या अंगात असतं. ते माणूस रोज येत राहिलं तर हळूहळू लेकराच्या मेंदूत तशी सोय तयार होते. ते आलंच नाही तर यंत्रणा एक तर सतत चढलेली राहते, नाही तर थकून बधिर होते. सकाळी जास्त आणि रात्री कमी अशी कॉर्टिसॉलची रोजची लय असते. रुमानियातल्या संस्थांतल्या मुलांत ती सपाट झालेली आढळली. बुखारेस्टची मुलं बारा वर्षांची झाल्यावर त्यांना जरा अवघड कामं देऊन तपासलं, तेव्हा संस्थेत राहिलेल्यांचं शरीर तणावाला धड प्रतिसादच देत नव्हतं. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांचं देत होतं. असं बधिर मूल वर्गात ‘शांत’ म्हणून खपतं.

हे स्पर्शाचं रसायन आत नेमकं कुठे पोचतं, ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवलं. काही उंदरीण आया पिल्लांना फार चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी शांत, कमी चाटलेली दचकरी. चाटण्याने पिल्लाच्या मेंदूत सेरोटोनिन वाढतं, आणि त्यातून हिप्पोकॅम्पसमधल्या त्या कॉर्टिसॉल-ग्राहकाच्या जनुकावर बसलेली रासायनिक कुलपं निघतात. ग्राहक जास्त तयार होतात, भीती लवकर शमते. २००४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्यातली खरी मेख वेगळीच होती. कमी चाटणाऱ्या आईचं पिल्लू जन्मताच जास्त चाटणारीकडे दिलं तर तेही शांत निघतं. चाटणारी सख्खी आईच असली पाहिजे असा मेंदूचा हट्ट नाही. या एका गोष्टीवर माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याचा भार आहे.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बायका हे जनुकाविना जाणत होत्या. १९८६ मध्ये टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं चोळण्याचा प्रयोग केला; तेवढंच दूध पिऊन त्यांचं वजन न चोळलेल्या बाळांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं. मालिशवालीला त्याचं नवल वाटलं नसतं.

आणखी एक प्रयोग सांगितला पाहिजे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दूध तुटलेली उंदराची पिल्लं एकविसाव्या दिवसापासून दोन आठवडे एकेकटी ठेवली आणि मग पुन्हा सोबत्यांत सोडली. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात मज्जातंतूंवरचं चरबीचं वेष्टण पातळच राहिलं. सोबत परत मिळूनही ते भरून आलं नाही, आणि पिल्लं सोबत्यांत मिसळण्यातही मागे राहिली. पस्तिसाव्या दिवसानंतर एकटं ठेवलं तर मात्र असं होत नव्हतं. एका वेगळ्या अभ्यासात त्याच वयापासून एकटे वाढवलेले उंदीर नशेच्या पदार्थाची चटक लवकर धरत होते आणि उशिरा सोडत होते. डोपामिनच्या वाटा जणू तहानलेल्या राहिल्या होत्या. उंदराचे दोन आठवडे म्हणजे माणसाचे किती महिने, याचं कोष्टक मांडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण काही गोष्टींना वेळ असते आणि ती टळली की नुसती भरपाई पुरत नाही, एवढं त्यातून घेता येतं.

कोणी म्हणेल, कुठे रुमानियाची अनाथालयं आणि कुठे आमचं रांजणगाव? इथली लेकरं आईबापांची लाडकी आहेत, रात्री त्यांच्या कुशीत झोपतात. खरं आहे. तुलना तेवढी सरळ नाही आणि मी ती करत नाही. पण लेकराचा एकटेपणा रिकाम्या खोलीतच असतो असं नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात एक साधी गोष्ट करून पाहिली. आईने बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ हसून पाहतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि मग मान वळवून स्वतःत मिटून जातं. आई समोरच असते. हरवलेलं असतं ते उत्तर.

आता कंपनीच्या शिफ्टमध्ये हे कसं बसतं ते पाहा. पत्र्याच्या छताची, ओळीतली दहा बाय दहाची खोली. सासू गावी, शेत आणि जनावरं सोडून ती येऊ शकत नाही. दोघांनी कमावल्याशिवाय भाडं आणि गावचा हप्ता निघत नाही. मग नवरा-बायको उलट्या शिफ्ट घेतात: ती फर्स्टला, तो नाईटला. कागदावर लेकराजवळ कायम एक मोठं माणूस आहे. प्रत्यक्षात सकाळी सात ते दुपारी तीन ते माणूस रात्रभर मशीनवर उभं राहून आलेलं, गाढ झोपलेलं आहे, आणि दीड वर्षाचं लेकरू त्याच्या उशाशी मोबाईल धरून बसलेलं आहे. मोबाईल रंगीत आहे, बोलतो, गातो. लेकराच्या हुंकाराला मात्र हुंकार देत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. ती सूचना या खोलीत वाचून दाखवायला मला तरी लाज वाटेल.

इथे एका जुन्या पापाची आठवण ठेवली पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रूनो बेटेलहाइमसारख्यांनी स्वमग्नतेचं खापर ‘थंड’ आयांवर फोडलं. ते धादांत खोटं निघालं, पण तोवर हजारो बायकांनी तो कलंक सोसला. आज त्याचीच नवी आवृत्ती निघाली आहे: आई नोकरी करते म्हणून मूल बोलत नाही, आई मोबाईलवर असते म्हणून मूल हट्टी. मेंदूचं विज्ञान बाईला घरी बसवायचं हत्यार म्हणून वापरणाऱ्यांनी मीनींच्या उंदरांकडे पुन्हा पाहावं. मेंदूला ओळखीचं, जागं, उत्तर देणारं माणूस लागतं. ते बापही असू शकतं, आजोबाही, पगारी बाईही. अट एवढीच की ते रोज तेच असावं आणि त्याच्याजवळ वेळ असावा.

आणि ‘पूर्वी एकत्र कुटुंबात हे आपोआप व्हायचं’ हा उसासाही मला मान्य नाही. त्या कुटुंबात पुष्कळ हात होते हे खरं; मार खाणारी आई आणि तिच्या कडेवर तो मार पाहणारं लेकरूही होतं, आणि त्या लेकराचं कॉर्टिसॉल कोणी मोजलं नाही. शिवाय जुन्या पद्धतीचं पाळणाघर म्हणजे बहुतेक घरांत आठ वर्षांची थोरली बहीण असायची. भावाला कडेवर घेऊन ती शाळेच्या दाराबाहेरून वर्ग ऐकायची. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच पाहिलं, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र बांधून टाकली. धाकटं सांभाळलं गेलं तरच थोरली शिकेल, हा हिशेब त्यांनी आणि अनुताई वाघांनी सत्तर वर्षांपूर्वी मांडला होता. शिरूर-दौंडच्या उसाच्या फडांत आजही तोडणीवाल्यांचं तान्हं बांधावर झोळीत असतं आणि झोळीची दोरी थोरलीच्या हातात. ऊन, धूळ, साप सगळं तिथे आहे. तरी त्या लेकराला मान वर केली की आई दिसते. पक्क्या भिंतीच्या खोलीतल्या लेकराला तेवढंही नाही, ही आपल्या प्रगतीची विचित्र कमाई.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली अंगणवाडी आता गावोगाव आहे. पण तिचा वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणि तोही काही तासांचा. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला लस, वजनकाटा आणि घरी न्यायचं आहाराचं पाकीट मिळतं. २०१८ पासून आशाताई पंधरा महिन्यांपर्यंत पाच जादा भेटी देतात, तेही चांगलंच. म्हणजे मेंदूची बांधणी सगळ्यात वेगाने होत असते त्या वयात आपण पोटाची सोय केली, माणसाची केली नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने पाळणाघर सक्तीचं केलं ते बायकांची संख्या मोजून. १९७६ पासून ती अट तीस बायकांवर आली. त्यामुळे पाळणाघर टाळायचं तर बायका कमी घ्या, ही सोपी वाटही त्यात होती. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी, मग ते पुरुष असोत की बायका, असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचीच अट आहे. सुधारणा मोलाची आहे. पण औद्योगिक वसाहतीत माणसं तीन-चार ठेकेदारांच्या हजेरीपटांवर वाटलेली असतात, आणि वर्षभराची ट्रेनी म्हणून लागलेली मुलगी आपला हक्क मागायला एचआरच्या खोलीत जाईल, असं मानणाऱ्याने कधी ठेकेदाराखाली काम केलेलं नाही.

पाळणाघर उघडलं की प्रश्न सुटला, असंही नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस आहे. बुखारेस्टच्या संस्थांत एकेका बाईच्या वाट्याला दहा-बारा, कधी त्याहून जास्त मुलं असायची. आकडे शेजारी ठेवून पाहा. आपली मुलं रात्री घरी जातात हा मोठा फरक आहे, पण दिवसाच्या आठ तासांत एका बाईने बारा लेकरांना भरवायचं, धुवायचं, झोपवायचं म्हटलं तर बोलायला तिला उसंत कधी मिळणार? दोन वर्षांच्या आतल्या चार लेकरांमागे एक बाई असावी आणि ती दर तीन महिन्यांनी बदलू नये. खर्चिक आहे, हे मला ठाऊक आहे.

पण बाई पदवीधर लागत नाही. जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ऐंशीच्या दशकात नऊ ते चोवीस महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली. काही घरांत आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायची आणि लेकराशी कसं खेळायचं ते आईसोबत खेळून दाखवायची. दोन वर्षं एवढंच. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई बरोबरीच्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. ज्यांना फक्त पूरक आहार दिला होता त्यांच्यात हा फरक दिसला नाही. आपल्याकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचं १९९९ मध्ये जगापुढे मांडलं. शिरूर तालुक्यातच वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं केंद्र आहे. सत्तरच्या दशकात बानूबाई कोयाजींनी तिथे गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. २००२ पासून हे केंद्र आसपासच्या गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर घरोघर जाऊन नोंदवत आलं आहे. मोजायची सवय या तालुक्याला आहे. त्याच घरभेटीत ‘काल दुपारी बाळाजवळ जागं कोण होतं?’ हा एक प्रश्न वाढवायला फार पैसे लागणार नाहीत.

एक दिलासा मुद्दाम सांगतो, कारण अशा लेखांनी आईबापांच्या पोटात गोळा येतो. पहिल्या तीन वर्षांत सगळा निकाल लागत नाही. मेगन गनर यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की अनाथालयातून चांगल्या घरांत गेलेल्या मुलांची बधिर झालेली तणाव-यंत्रणा वयात येताना पुन्हा जुळून येऊ लागते. घर भलं असलं तर. म्हणजे तेरा-चौदाच्या वयातही एक दार किलकिलं होतं. मात्र त्या वयाच्या पोरांसाठी या वसाहतीत मोबाईलची दुकानं आणि पानटपऱ्या यांपलीकडे काय आहे, हे वसाहतीत राहणाऱ्यांनीच सांगावं.

पैसा कुठून येणार? कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आपल्याच कामगारांपुरतं पाळणाघर त्या हिशेबात धरता येत नाही. वस्तीत सगळ्यांसाठी उघडं असलेलं, ठेकेदाराकडच्या कामगाराच्या आणि भाजी विकणारीच्याही लेकराला घेणारं पाळणाघर धरता येईल. उलट हेच बरं आहे. कारेगावात, ढोकसांगवीत, रांजणगावात खोल्यांच्या ओळींमध्ये अशी घरं हवीत, कंपनीच्या गेटच्या आत नकोत. त्यांच्या वेळा शिफ्टला जुळणाऱ्या हव्यात, नाईट करून आलेल्या बापाला झोपू देणाऱ्या. जागा ग्रामपंचायतीने द्यावी, पगार कंपन्यांनी मिळून द्यावेत, देखरेख अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेने करावी.

आणि औद्योगिक महामंडळाला एक विनंती. भूखंड मागणाऱ्या उद्योगाला वीज किती लागेल, पाणी किती लागेल, सांडपाणी किती निघेल हे सांगावं लागतं. त्यात एक रकाना वाढवा: तुमच्या कामगारांची, ठेकेदारांकडची धरून, तीन वर्षांच्या आतली मुलं किती असतील आणि प्रत्येक शिफ्टमध्ये त्यांच्याजवळ कोण असेल? तो कोरा सोडणाऱ्याचा अर्ज परत पाठवा.